कुळवलेला पट्टा

धाकटं केरेच, १२ नोव्हेंबर १९६७

इल्का,

हे पत्र टपालात टाकायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. टपालातलं पत्र इथून मॉस्कोला जातं, तिथून प्रागला, आणि तिथून तुमच्या थोरल्या केरेचला. आमच्या परसातून तुमच्या परसात यायला त्याला दीड महिना लागतो आणि वाटेत ज्याच्या-ज्याच्या हाताला लागेल त्याला तुझं-माझं सगळं कळतं. त्यापेक्षा तुझ्या मारिश्कामावशीला व्हिसा मिळेल तेव्हा मिळेल. ती तुमच्याकडे आली की तिच्या पेटीत जर्दाळूच्या मुरंब्याखाली बघ. तोवर साचू दे.

बातमी अशी की मी कॉलेज सोडलं. तिसऱ्या वर्षात. उंगवारच्या खाणावळीतला कोबी बाधायला लागला होता. शिवाय इतिहास शिकून शेवटी मास्तरच व्हायचं, आणि मास्तरकी मला जमली नसती. आता सामूहिक शेतीवर ट्रॅक्टर चालवतो.

कुठला ट्रॅक्टर ते ऐकून हसू नकोस. पट्ट्यावरचा. तुमचं कुंपण आणि आमचं कुंपण यांच्या मधे ती जी काळी माती आहे ना, जिच्यात गवताची काडी उगवू देत नाहीत, ती दर शनिवारी आणि प्रत्येक पावसानंतर मी कुळवतो. कोणी ओलांडून गेलंच तर पाऊल उठावं म्हणून. मडगार्डवर बंदूक घेऊन एक शिपाई बसतो. सध्या वाझा म्हणून जॉर्जियाचा एक आहे. त्याला आमची भाषा येत नाही, मला त्याची येत नाही, दोघं मोडकं रशियन बोलतो.

शेतीच्या अध्यक्षांनी काम देताना सांगितलं, "मार्तोन, तुझ्या आईचं घर कुंपणाला चिकटून आहे. तू पळालास तर पहिल्यांदा तिला उचलतील. म्हणजे तू पळणार नाहीस. शिवाय तुझ्याइतकं सरळ तास गावात कोणाचं पडत नाही." ही स्तुती होती की धमकी, मला अजून कळलेलं नाही.

मी हे काम मागून घेतलं. का ते तुला माहीत आहे. पट्ट्याच्या मधोमध आलो की तुमच्या विहिरीचा रहाट दिसतो. काल दिसला. तू नव्हतीस. तुझा निळा रुमाल काठावर वाळत होता.

मार्तोन

२४ डिसेंबर

इल्का,

तुमची संध्याकाळची घंटा झाली तेव्हा आई ताटं मांडत होती. आमच्या घड्याळात आठ वाजले होते, तुमच्या सहा. आई अजून तुमच्याच घंटेवर जेवते. ज्यांनी पंचेचाळीस साली गावातून रेघ ओढली, अर्धं गाव प्रागला आणि अर्धं मॉस्कोला दिलं, त्यांनी चर्च तुमच्याकडे ठेवलं आणि दफनभूमी आमच्याकडे. घंटेला मात्र त्यांना काही करता आलं नाही. सामूहिक शेतावर मॉस्कोची वेळ, घरात तुमची. आई म्हणते, पोटाला मॉस्को कळत नाही.

सकाळी तुझे वडील सरपण फोडत गात होते. इकडे मारिश्कामावशी अंगणातला बर्फ लोटत उत्तरं देत होती. वाझा गस्तीवर होता. मला विचारतो, "हे लोक एवढ्या थंडीत गातात कशाला?"

म्हटलं, "लाकडं फोडायची गाणी आहेत. गायल्याशिवाय कुऱ्हाड लागत नाही."

"आणि ती बाई बर्फ लोटतेय, ती का गाते?"

"तिचंही तसंच आहे."

"तुमच्याकडे सगळी कामं एकाच चालीवर होतात," म्हणाला आणि पुढे गेला. कुंपणापाशी बोलायला बंदी आहे, गायला नाही. गाण्यालाही बंदी घालायची तर हुकूम लिहून आणावा लागेल, आणि हुकुमात लाकूडफोडीचं गाणं म्हणजे नक्की काय ते लिहावं लागेल. बावीस वर्षं कोणी ते लिहीत बसलं नाही.

तुझे वडील काय गात होते ते तू घरातून ऐकलं असशीलच. "अरे गाढवा मार्तोना, कॉलेज सोडलंस म्हणे, रे कॉलेज सोडलंस." मावशीने उत्तर दिलं, "कोबी बाधला म्हणतो, दाजी, कोबी बाधला." त्यावर ते इतके हसले की ओंडका हुकला. मग गायले, "कोबी नाही, त्याला डोकं बाधलं."

त्यापुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. परदेशी मुलीशी लग्न करायचं तर परवानगी लागते. परवानगीच्या अर्जाला शेवटच्या शाळेचा नाहीतर कॉलेजचा वर्तणुकीचा दाखला जोडावा लागतो. हे मला ठाऊक होतं. दाखला मिळणार नाही हेही ठाऊक आहे. तुझ्या वडिलांनी गाण्यात विचारलं, "दाखला कधी आणतोस?" आणि मावशी पुढची ओळ विसरल्यासारखी नुसतीच फावडं ओढत राहिली.

मार्तोन

१८ फेब्रुवारी १९६८

इल्का,

कोबीचं खोटं होतं.

तोंडी परीक्षा होती. सरांनी विचारलं, "चव्वेचाळीसच्या शरदात या प्रदेशाच्या इतिहासात काय घडलं?" उत्तर एका शब्दाचं असतं, मुक्ती. ते दिलं की पुढचा प्रश्न येतो. मी म्हटलं, "दवंडी."

"काय?"

"दवंडी पिटली, सर. ढोल वाजवत माणूस गल्लीगल्लीतून गेला. अठरा ते पन्नास वयाच्या पुरुषांनी तीन दिवसांच्या कामाला हजर व्हावं, सोबत तीन दिवस पुरेल एवढं खायला आणावं. माझे वडील गेले. मी तेव्हा पोटात होतो. अजून ते कामावरच आहेत. तीन दिवस मोजण्यात कोणाची तरी गफलत होते आहे."

सर माणूस वाईट नव्हता. खिडकी लावली, म्हणाले, "हे तू बोलला नाहीस, मी ऐकलं नाही. मुक्ती म्हण आणि बाहेर जा." तिथे मी गप्प बसायला हवं होतं. खुर्ची माझ्या हातून पडली. खिडकीतून. खिडकी नुकतीच लावलेली होती.

मग माफीनामा मागितला. 'चिथावणीखोर, खोट्या अफवा पसरवल्याबद्दल' असा मसुदा त्यांनीच करून ठेवला होता, मी सही करायची. मी कागद परत सरकवला आणि चौथ्या मजल्यावरून गाडीच्या अड्ड्यापर्यंत न थांबता चालत आलो. त्या वेळी फार बरं वाटलं. तुझा विचार गाडीत बसल्यावर आला.

आईला हे सांगितलेलं नाही. तीही कोबीवरच आहे. वडिलांबद्दल ती बोलत नाही. बोलायची परवानगी नाही म्हणून सुरुवातीला गप्प राहिली, मग तीच सवय झाली. एकदाच सांगितलं होतं, मी बारा वर्षांचा असताना, कणीक मळता मळता. दवंडी झाली त्या दिवशी तिने तीन पाव भाजले. रोज एक. चौथा भाजायला पीठ होतं, पण चौथा दिला तर अपशकुन होईल असं वाटलं.

आता तुला सगळं माहीत झालं. म्हणजे होईल, मावशीला व्हिसा मिळाला की.

मार्तोन

५ मे

इल्का,

काल तू स्वतः गायलीस. गेल्या वर्षी पंधरा दिवसांच्या व्हिसावर मावशीकडे आली होतीस, त्यानंतर पहिल्यांदाच. तुझा आवाज मला तुझ्या तोंडाच्या आधी माहीत होता. पाच-सहा वर्षांचे असू आपण, तू बदकांना हाकताना गायचीस आणि मी इकडे परसात थांबायचो. मग गेल्या जूनमध्ये तू समोर चेरीच्या झाडावर बसलीस आणि माझ्या अंगावर बिया फेकायला लागलीस. एकही लागली नाही. तुला नेम कधीच नव्हता.

काल तू बटाटे लावताना गायलीस ते मी पाठ केलं. कोशित्सेहून एक रेल्वेतला माणूस दोनदा येऊन गेला. त्याला स्वतःची खोली आहे, रविवारी सुट्टी आहे. वडील म्हणतात द्राक्षतोडणीपर्यंत थांबू, त्यापुढे नाही. मी थांबते आहे, मार्तोन, थांबते आहे. हे तू दोनदा म्हटलंस. चालीला एकदाच पुरलं असतं.

त्यानंतर तुझे वडील कुदळ घेऊन आले. वाझाकडे बघून टोपी उचलली, आणि लागले:

"सही कर रे पोरा, सही कर. मीही केली, सत्तेचाळीस साली. मी हंगेरियन नाही, स्लोव्हाक आहे असं लिहून दिलं, घर वाचलं, गाय वाचली. शेजारच्या कोवाचने नाही केली, त्याला गुरांच्या डब्यात घालून नेलं, कुठे बोहेमियात बीट उपटायला. मी सही केली आणि त्याच पलंगावर झोपलो. घरात बोलतो तीच भाषा बोलतो. कागदाला कान नसतात."

इतकं लांब गाणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. वाझा म्हणाला, "म्हाताऱ्याचा दम चांगला आहे."

तुला आठवत असेल, आमच्या दाराच्या चौकटीवर नंबराची पाटी आहे. एक मेसाठी आईने दार रंगवायला सांगितलं, म्हणून ती काढली. खाली जुन्या खिळ्यांची भोकं. व्हिएन्नाच्या राजाची पाटी चार खिळ्यांची होती, भरभक्कम. चेकांची दोन. मग अडतीसला हंगेरीवाले परत आले, त्यांनी राजाच्याच भोकांत ठोकली, पण एक खिळा वाकला. आताची ही एका खिळ्यावर आहे. वारा आला की फिरते. घर तेच, नंबर प्रत्येकाचा वेगळा. आईला विचारलं, भोकं बुजवू का? म्हणाली, "राहू दे. पुढच्यांना ठोकायला बरी."

तुमच्याकडे म्हणे प्रागमध्ये लोक आता वर्तमानपत्रात वाटेल ते लिहितात. तुझे वडील म्हणतात परवानग्या सुटायला लागल्यात, दोन्हीकडून. दाखला असला तर.

मी जातो. उंगवारला. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मार्तोन

१४ जुलै

इल्का,

सही केली.

खोलीत तोच माणूस होता ज्याच्याकडे मागच्या वेळी कागद सरकवला होता. इथलाच आहे, डोंगराकडचा. चहा मागवला.

"मार्तिन इवानोविच, खुर्ची घट्ट धरून बस," माझं नाव रशियन करून म्हणाला. "खिडकी नवीन आहे."

मी माफीनाम्यावर सही केली. शाई वाळावी म्हणून त्याने फुंकर घातली आणि दुसरा कागद काढला. दाखल्यात वडिलांचा रकाना असतो. तिथे 'बेपत्ता' चालत नाही. बेपत्ता म्हटलं की कोणीतरी विचारणार कुठे, केव्हा. मी म्हटलं, "मेले असं लिहा." तो म्हणाला, "कुठे मेले? दाखवायला कबर आहे?" मग त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. 'वडील यानोश बोदनार हे ऑक्टोबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या शत्रुसैन्यासोबत स्वखुशीने निघून गेले. कुटुंबाशी त्यांनी संबंध ठेवला नाही.'

"स्वखुशीने," मी म्हटलं.

"शब्द मी ठरवत नाही. वरून येतात. तुला मुलगी पाहिजे ना?"

चहा प्यालो. गोड होता. सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या फक्त एवढंच गा, दाखला मिळाला. ती बरं म्हणाली. पण तुझी मावशी तुला माहीत आहे. बोलण्यात ती दिवसाला दहा वेळा खोटं बोलते, बदकं किती आहेत तेही अध्यक्षांना कधी खरं सांगत नाही. गाण्यात तिला ते जमत नाही. म्हणते, आवाज चिरतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कुंपणालगतचा मका खुरपत होतो. मावशी गायली, दाखला मिळाला. तुमच्याकडून कोणीतरी शीळ वाजवली. आणि तुझ्या वडिलांनी आनंदाने, अगदी मोठ्याने विचारलं, "कशावर सही केली रे, सांग, कशाकशावर केली?"

मावशी थांबली. मी मान हलवून नको म्हटलं. ती गायली. पहिला कागद, आणि दुसराही. यानोश स्वखुशीने गेला, बायको-पोराला विसरून गेला, असं पोराने लिहून दिलं. चाल कापणीची होती, जलद.

आई माझ्यापासून दोन ओळी पलीकडे होती. तिचं खुरपं एकदा थांबलं. मग तिने ओळ पुरी केली, शेवटच्या रोपापर्यंत. खुरपं पुसलं, आणि घरी गेली.

घरी रागावली नाही. ताट वाढलं. आठ दिवस झाले, माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मीही विचारलं नाही. तसं पाहिलं तर घरात पूर्वीसारखंच आहे, फक्त आवाज थोडा कमी झालाय.

अर्ज गेला. दाखला जोडलाय. तीन महिन्यांत उत्तर येतं म्हणतात. द्राक्षं ऑक्टोबरात तोडतात.

मार्तोन

२५ ऑगस्ट

इल्का,

बुधवारी पहाटे कपबशा आपोआप वाजायला लागल्या. मोठ्या रस्त्याने रणगाडे चालले होते, तुमच्याकडे. उजाडलं तरी रांग संपली नव्हती. मावशी फाटकात उभी राहून मोजायला लागली आणि मग सोडून दिलं. आईने फक्त कपाटाचं दार लावलं आणि फडका कोंबला, आवाज येऊ नये म्हणून. ती अशा वेळी हेच करते. हे तिचं कितवं सैन्य, मला माहीत नाही.

सकाळी तुझे वडील कुंपणापाशी आले. हातात काही काम नव्हतं, म्हणून टोपी झटकत राहिले. गायले, "पाहुणे आले, पाहुणे आले, चुलीवर काही नाही, कोणी बोलावलं नाही." एक कडवं झालं आणि आमच्या बाजूचा नवा अधिकारी ओरडत आला. गाणं बंद. हुकूम लिहून आणला होता. 'कुठल्याही प्रकारचं गायन.' तेवीस वर्षांनी कोणालातरी शब्द सापडले.

वाझाचा चेहरा उतरला होता. त्याचा भाऊ त्या रणगाड्यांत असावा असं त्याला वाटतं. मला म्हणाला, "तुम्ही आमचा राग करता का आता?"

म्हटलं, "कामाला लाग. पाऊस झालाय, पट्टा कुळवायचाय."

अर्जाचं काय झालं ते विचारायला गेलो होतो. बाई म्हणाल्या, "कुठला अर्ज?" मी नंबर सांगितला. त्यांनी शोधला, सापडला. म्हणाल्या, "तिकडचं सगळं थांबवलंय. कधी सुरू होईल? मला काय विचारता, रेडिओ ऐका."

मी काही फेकलं नाही. खुर्चीवर बसलोही नव्हतो.

परत येताना वाटलं की चिडायला हवं. वाट बघितली. आलाच नाही राग. गाडीत शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती, कोंबडी माझ्या गुडघ्यावर झोपली. उठवली नाही.

मार्तोन

६ ऑक्टोबर

इल्का,

काल तू आलीस. तुला दिसलं ते तुला माहीतच आहे. आमच्या बाजूने काय झालं ते लिहून ठेवतो.

शनिवार होता. सकाळीच पट्टा कुळवून ठेवला होता. तास सरळ पडले होते, वाझा म्हणाला, "केस विंचरल्यासारखे." गाणं बंद असल्यामुळे तुमचं लग्न ठरल्याचं आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. पण शुक्रवारी तुमच्या अंगणात तीन भट्ट्या पेटल्या होत्या. तेवढ्यावरून मावशीला कळलं. तिने काळा झगा इस्त्री केला, नवरीच्या आईने घालायचा असतो तो. तुझी आई असती तर तिने घातला असता. ती नाही, म्हणून मावशीने.

तुमची अकराची घंटा झाली आणि वरात कुंपणापाशी आली. इकडे आम्ही सगळे उभे राहिलो. नवा अधिकारी आला, पण गाणं कुठेच नव्हतं, तेव्हा त्याला ओरडायला काही सापडेना. दोन्ही बाजूंना शंभरएक माणसं आणि आवाज फक्त तुमच्या त्या सारंगीवाल्याच्या खोकल्याचा.

तू चांगली दिसत होतीस. तो रेल्वेतला माणूसही बरा वाटला. कान मोठे आहेत. तुझ्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग एकदा बघितलं.

नवरीने पहिला पाव आईच्या हातात द्यायचा. मावशीने हात पुढे केले, कुंपणाच्या आतून, आमच्या बाजूने, जसं काही तू तिथेच उभी आहेस. तू पाव दोन्ही हातांनी डोक्यावर धरलास आणि फेकलास.

सांगितलं ना, तुला नेम कधीच नव्हता.

तो पट्ट्याच्या मधोमध पडला. मऊ मातीत थोडा रुतला. एवढा मोठा, वेणीचा, वर खसखस. सकाळी मी ओढलेल्या तासांवर तेवढाच. मावशीचे हात तसेच पुढे राहिले, बराच वेळ.

अधिकाऱ्याने वाझाला पाठवलं. वाझा गेला, पाऊल जपून टाकत, आणि संगिनीने पाव मधोमध चिरला. आत बघितलं. पुन्हा चिरला. मागे वळून म्हणाला, "पाव आहे, साहेब."

"नुसता?"

"मनुके आहेत."

"तिथेच टाक. तुझी पावलं उठलीत. कुळवून घ्या." मग माझ्याकडे बघून, "तू. आता लगेच."

मी ट्रॅक्टरवर चढलो. वाझा माझ्यापाशी आला. हळू म्हणाला, "पावावरून कुळव फिरवायचा? आमच्याकडे पाव जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावतात."

"आमच्याकडेही."

अजून एक शब्द तो बोलला असता तर मी उतरून गेलो असतो, मला वाटतं. तो मडगार्डवर चढून बसला.

तू तेव्हा अजून कुंपणाशीच होतीस. पांढरा झगा, हातात काही नाही. मी गाडी सुरू केली. पहिल्या फेरीत कुळव उचलला आणि पुढे जाऊन टेकवला. पाव राहिला. अधिकाऱ्याने शिट्टी मारली, बोट दाखवलं. दुसऱ्या फेरीत उचलला नाही. दातात अडकेल असं वाटलं होतं. अडकला नाही, ताजा होता.

परत वळलो तेव्हा तुमची वरात निघून गेली होती. तास सरळच पडले होते.

घरी आलो. आईने ताट मांडलं. जुलैपासून ती समोर बसत नव्हती, काल बसली. म्हणाली, "खोल गेला का?"

मला आधी कळलंच नाही की ती माझ्याशी बोलतेय. म्हटलं, "गेला."

तिने काटा-चमचा सरळ केला. मग म्हणाली, "तुझ्या बापाबरोबर मी तीन पाव दिले. ते त्याने खाल्ले की दुसऱ्या कोणी, मला आजवर कळलं नाही. हा कुठे आहे ते तरी माहीत आहे."

मग जेवलो. सूप होतं.

मार्तोन

१ जून १९६९

इल्का,

मारिश्कामावशीला व्हिसा आला. दोन आठवड्यांचा. उद्या निघते. इथून गाडीने चोप स्टेशनपर्यंत, तिथे रेल्वे बदलून तुमच्या बाजूला, मग पुन्हा मागे. दिवसभराचा प्रवास, आणि शेवटी आमच्या परसासमोर येऊन उभी राहील. मी पट्ट्यावर असलो तर हात करेन.

ही सगळी पत्रं तिच्याबरोबर द्यावीत की नाही, ठरत नव्हतं. तुझं आता घर आहे. पण मावशीने मुरंबा भरायच्या आधीच पेटीचा तळ रिकामा ठेवला आणि विचारलं, "आणतोस ना? की मी तोंडानेच सांगू?" तिने तोंडाने सांगितलं तर निम्मं खोटं सांगेल. म्हणून देतोय. वाचलीस तर वाच, नाहीतर चुलीत घाल, तुमच्याकडे सरपण महाग झालंय म्हणे.

माझं बरं चाललंय. उंगवारला गेलो होतो, एप्रिलात. दुसरा कागद परत मिळेल का म्हणून. परवानगी नको, दाखलाही नको, माझी ती सही तेवढी द्या. तोच माणूस होता. म्हणाला, "मार्तिन इवानोविच, कागद इथे येतात. इथून जात नाहीत." वाईट वाटल्यासारखं म्हणाला. मग चहा विचारला. नको म्हटलं.

आई बोलते. पूर्वीइतकंच, म्हणजे फार नाही. चव्वेचाळीसचं एकदा काढलं तिने, आपणहून, ढोल वाजवणाऱ्याचं नाव काय होतं ते. मी लिहून घेऊ का विचारलं, तर म्हणाली, "कशाला? मला माहीत आहे, आता तुला माहीत आहे." नंबराची पाटी पुन्हा लावली. एकाच खिळ्यावर.

वाझाची मुदत संपली, गेला. जाताना मला त्याने पाकीटभर सुकं कोथिंबीर-लसणाचं काहीतरी दिलं, आई सूपात घालते. नवा शिपाई लिथुआनियाचा आहे. त्याला गाणी आवडत नाहीत, पण हुकूम हळूहळू लोक विसरायला लागलेत. परवा खुरपताना मावशीने नुसती चाल गुणगुणली. तुमच्याकडून कोणीतरी धरली. शब्द नव्हते.

तो पाव जिथे गेला ती जागा मला पाठ आहे. तुमच्या रहाटाच्या आणि आमच्या अक्रोडाच्या बरोबर रेषेत. वसंतात मी तिथे बघायचो. खसखस भाजली की उगवत नाही, मला माहीत आहे. तरी बघायचो. अजून तिथे काही उगवलेलं नाही. दर शनिवारी मी कुळव फिरवतो, म्हणूनही असेल.

मार्तोन